एकास एक

खुर्ची जरा वर घे, समाधान.
मनगट टेबलाच्या कडेवर असं लटकलं
तर दुपारी चारपर्यंत बोटांना मुंग्या येतात.
डावा हात कीबोर्डवर, उजवा माउसवर.
मेनूत हिंडू नकोस,
परक्या स्वयंपाकघरात वाटी शोधल्यासारखा.
एल म्हणजे लाइन, ओ म्हणजे ऑफसेट, टी-आर म्हणजे ट्रिम,
आणि नव्या कमांडआधी एस्केप. दोनदा.
उंबऱ्यात चपला काढतोस ना, तसं,
विचार न करता.

काढायचं ते खऱ्या मापात. एकास एक.
प्लेट दोनशे चाळीसची, तर रेषाही दोनशे चाळीसची.
कागदावर मावेल का,
ते प्रिंट काढताना कागदाशी भांडू.

मध्यरेषा तिच्या लेयरवर, मापं त्यांच्या,
लपलेल्या कडा तुटक, त्यांचा रंग वेगळा.
झिरो मोकळा ठेव, तिथे फक्त ब्लॉक जन्माला येतात.
एम-आठचा बोल्ट एकदा काढ, ब्लॉक कर,
मग जन्मभर काढू नकोस.
माझ्याआधीचे गोसावी प्रत्येक बोल्ट नव्याने काढत,
रांगोळीतल्या फुलांसारखे.
सुंदर असायचे सगळे,
आणि प्रत्येक थोडा वेगळा.

फाइलचं नाव: पार्ट नंबर, रिव्हिजन, तारीख.
‘फायनल’ हा शब्द या टेबलावर बंद.
‘फायनल-नवीन-खरं-तीन’ उघडून
मी इथे रडलेली आहे.

दर दहा मिनिटांनी सेव्ह.
अंबडची वीज निरोप घेऊन जात नाही.
आधी पंखा जरा जड होतो, बस,
तेवढ्यात दोन बटणं दाबता आली पाहिजेत.

बाहेर पाठवण्याआधी पर्ज कर,
जुन्या कामांची जळमटं निघतात.
आणि एका रेषेवर दुसरी झोपलेली नाही ना, बघ.
लेझर दोन्ही कापतो.
बिलही दोन्हींचं लावतो.

खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो.
तासातून एकदा त्याच्याकडे बघ.
डोळ्यांसाठी सांगतेय, भक्तीसाठी नाही.

आता एक गोष्ट. आयटीआयला शिकवली असेल,
मलाही शिकवली होती.
मार्च होता, वर्षअखेरची घाई.
निफाडच्या एका पॅकहाउसचा कन्व्हेयर.
दोन भोकांतलं अंतर बदललं, ब्याऐंशीचं शहाऐंशी,
फोनवर, जेवणाच्या सुट्टीत.
मी भोक हलवलं नाही.
मापावर दोनदा क्लिक केलं
आणि आकडा लिहिला.
दीड मिनिट वाचलं.
कागदावर शहाऐंशी, आत ब्याऐंशी,
आणि लेझर कागद वाचत नाही.

अडतीस प्लेटी.

बागुल मामा लोखंडी जिना चढून वर आले.
एक प्लेट कीबोर्डवर ठेवली, शेजारी व्हर्नियर,
स्क्रीनवर आपोआप काहीतरी टाइप होत राहिलं,
ककककक असं लांबलचक.
म्हणाले, ताई, चहा घेतला का?
मी मोजलं नाही.
मोजायला काय होतं.

शेठनी पैसे कापले नाहीत. त्याचंच जास्त लागलं.
सदतीस भंगारात गेल्या.
अडतिसावी हीच, तुझ्या मॉनिटरखाली,
तुला वाटलं असेल स्टँड आहे.
काढ बाहेर. घाल बोट दोन्ही भोकांत.
चार मिलिमीटर बोटाला कळत नाहीत,
बोल्टला कळतात.

चल, नवी फाइल उघड.
पहिलं भोक शून्य-शून्यवर.
स्नॅप चालू ठेव, डोळ्यावर भरवसा नको.
दुसरं शहाऐंशीवर.
आता माप लाव.
लिहायचं नाही, लावायचं.
आलं ना बरोबर? ते स्वतःहून आलं.

आणि अक्षराची उंची साडेतीन ठेव, प्रिंटवर मोजून.
अडीच नियमात बसतं,
पण प्रेसशेजारची ट्यूब फडफडते
आणि मामा चष्मा घरी विसरतात.