सांधणी

पाच गोळ्या, अळणी आमटी,
तरी दाब एकशे नव्वदच्या खाली येईना.
"मूत्रपिंडाकडं जाणाऱ्या नसा," डॉक्टर हळ्ळूर म्हणाले,
"उगाच सांगावे धाडतात: वाढव, अजून वाढव.
त्यातल्या थोड्या जाळू."

जाळू.
वडगावात मागावर बेचाळीस वर्षं
मी तुटलेले धागे सांधत आले.
मध्यरात्री लाइट आली की उठून,
थुंकी लावून, दोन बोटांत पीळ देऊन,
गाठ अशी, की नेसणारीला कधी टोचली नाही.
आणि माझ्याच आत, मला न विचारता,
कुणी हे एवढं घट्ट ओवून ठेवलं?

जांघेतून नळी शिरली.
केसाएवढी म्हणत होते, सुतळीएवढी तरी असेल की ओ.
सिस्टर म्हणाली, "उसिरु हिडीरी, अक्का."
बाजारात मी मराठी सोडत नाही;
श्वास तेवढा तिच्या भाषेत धरला.
कमरेत खोल कुठंतरी चटका.
थांबून, परत चटका.
मी मोजत गेले, हातच्या सवयीनं,
अकरानंतर चुकले.

मग पाय न हलवता सहा तास.
छताच्या पंख्याला एक पातं वाकडं होतं.

तीन महिन्यांनी एकशे अठ्ठेचाळीस.
गोळ्या आहेतच, दोन कमी.
"बरी झालीस काय?" गल्लीतली चन्नव्वा विचारते.
काय सांगू.
काल धागा तुटला, माग थांबला,
आणि मी लगेच उठले नाही.