कोरी जागा

तो कागद मी मेणाच्या पेटीत ठेवला होता, तळाशी.
अठरा ग्रोशेनला घेतलेला,
म्हणजे एका अख्ख्या हिवाळ्याच्या वाती.
बाजारात मंडप, मंडपात मेज, मेजावर लाल शिक्का
आणि सर्दी झालेला एक कारकून.
कागद आधीच छापलेला, सगळ्यांना एकच,
मधे फक्त नावापुरती जागा कोरी.
"कोणासाठी?" त्यानं नाक पुसत विचारलं.
आईसाठी, म्हटलं. आपोलोनिया.
महामारीच्या साली गेली, पाद्री पोचायच्या आत.
त्यानं खरडलं, पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं:
हा बघ, आ.

तेवढंच अक्षर मला येतं.
शिडीसारखं. वर निमुळतं, मधे एकच पायरी.
बारा वर्षं मी आईला त्या पायरीवर उभी पाहिली,
पाय भाजलेले, पण आगीच्या वर.

मग नवा पाद्री आला,
कालपर्यंत मठात होता, आज बायकोसकट.
प्रवचन आमच्या भाषेत. मला पहिल्यांदाच
चर्चमध्ये डुलकी लागली नाही.
म्हणाला, शुद्धिस्थान कुठेच नाही.
म्हणाला, कृपा विकत घेता येत नाही. ती फुकट आहे.
फुकट!
मेणबत्त्या विकून जगणाऱ्या विधवेला
हा शब्द जरा जपून सांगावा.

संत बार्बरासमोरची लोखंडी काट्यांची चौकट
लोहारानं नेली, तिचे नाल ठोकले.
लाउझित्सचा मधवाला आता नुसता मध आणतो.
वेदीवर दोन बत्त्या लागतात अजून. दोन.
गुडघे टेकायची सवय गेली नाही,
फक्त टेकल्यावर बघायचं कुठं, ते कळेना.

ओटिलिया मुलींच्या शाळेत जाते.
वाचत सुटते: पिठाची पोती, थडगी,
न्हाव्याच्या दारावरची पाटी.
परवा ऊब लागावी म्हणून पेटीत हात घातला तिनं,
मेण मऊ असतं ना, आणि कागद वर आला.
"आई, ही आग्नेस कोण?"

पुन्हा वाच, म्हटलं.
तिनं बोट ठेवलं, लसूण सोलावा तसं एकेक सोललं.
आ. ग्ने. स.

रांगेत माझ्यामागं एक पोटुशी बाई होती,
पाणचक्कीकडची, सारखी डोळे पुसणारी.
तिची असेल आग्नेस.
मग तिच्या कागदावर माझी आई असेल का,
की तिथंही तिसरीच कुणी?
रागवायचं तरी कोणावर?
जी आग नव्हतीच, तिच्यातून
मी भलतीलाच सोडवून आणली.

पाद्र्याकडे गेले. कोबीत गवत काढत होता.
मातीचे हात तसेच धरून सगळं ऐकलं त्यानं.
"देवाला तिचं नाव ठाऊक आहे," म्हणाला,
"त्याला कारकून लागत नाही."
बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.
परत येताना पुलावर मात्र थांबावं लागलं.
इतकी वर्षं आईसाठी माझ्याकडं काहीतरी काम होतं,
आता नाही.

जाळून टाक, शेजारीण फेलिझितास म्हणते.
पण कागद चांगला आहे, चिंध्यांचा, जाड,
आणि मागची बाजू सबंध कोरी.
काल ओटिलियाला म्हटलं, आजीचं नाव लिही.
लांब नाव. ओळ पुरली नाही,
शेवटचं अक्षर खाली घसरलं, तिरकं.
सुरुवातीची शिडी मी ओळखली.
पुढची अक्षरं कशी दिसतात ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं,
म्हणजे आई एवढी होती.

ती लिहीत असताना एक थोटूक पेटवलं होतं मी.
पुण्यासाठी नव्हे.
अंधार पडला होता, पोरीला रेघ दिसेना.