शेऱ्याचा रकाना

वही मी विकत घेतली नाही.
धरणगावच्या जिनिंगमध्ये, काट्याच्या खोलीत
मागच्या हंगामाचं रजिस्टर पडलं होतं,
अर्धं कोरं, कडेनं उंदरानं कुरतडलेलं.
धुळ्याच्या केंद्रातल्या बडगुजर ताई म्हणाल्या होत्या, रोज लिहा.
काय लिहू, विचारलं, तर म्हणाल्या,
तुम्ही कारकून ना? मग मला काय विचारताय?

रकाने आधीच छापलेले:
गाडी नंबर. भरलेलं वजन. रिकामं वजन. निव्वळ. शेरा.
गाडी नंबरात मी तारीख टाकली.
भरलेल्यात, सकाळी उठलो तेव्हा अंगावर काय काय लादलेलं होतं ते.
रिकाम्यात, रात्रीपर्यंत जे उतरलं नाही ते.
निव्वळ काढायला बसलो की हात थरथरायचा,
तीन की आठ, माझं मलाच वाचता येईना.

पहिली पानं आता बघवत नाहीत.
'घाम. झोप नाही. भिंतीवर मुंग्या. कोकिळा म्हणते, नाहीत.'
'चोपडा रोडनं गेलो नाही. लांबून गेलो, दीड किलोमीटर जास्त.'
'सायकलची चेन पडली. बरं वाटलं. हाताला काम.'
एका पानावर नुसतं 'साडेसात',
सहा वेळा, एकाखाली एक.
साडेसातला कुठली बत्ती लागते
हे रजिस्टरला समजावून सांगावं लागलं नाही.

मे महिन्यात पत्रा तापून कडकड वाजायचा,
गेटवर एकही गाडी नाही, आणि मी लिहितोय.
गुलाब हमाल दारात उभा राहून म्हणाला,
"काय लिखी राहिना भाऊसाहेब? सीझन ते सरी गया."
मी म्हटलं, जुनी आवक आहे, राहिलेली.

मग श्रावण. कानबाई उठली त्या रात्री
मागच्या खोलीत चुलतभावानं ग्लास पुढे केला,
देवीचं नाव घेऊन.
घरी येऊन लिहिलं: 'थोडीच घेतली. पाहुण्यांचा मान.'

तेवीस वर्षं काट्यावर बसतोय मी.
लोक रात्री कापसावर पाणी मारतात
आणि सकाळी वरचा थर तेवढा उन्हात वाळवून आणतात.
पांढराशुभ्र दिसतो, हलका, फुललेला.
हात खोल घालावा लागतो,
कोपरापर्यंत, गाडीच्या पोटात.
आत गार लागतं.

तीन दिवस ते पान मिटून ठेवलं.
चौथ्या दिवशी हात घातला.
'थोडीच' खोडलं. 'मान' खोडलं.
खाली लिहिलं: एक क्वार्टर. मग दुसरी.
उलटी, मोरीपर्यंत पोचलो नाही.
मोहिनीनं पाणी ओतलं, माझ्याकडे न बघता.
तिची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, हे मला नंतर कळलं.

ताईंना फोन केला, एकशेचौदा दिवस होते, गेले.
त्या म्हणाल्या, पानं फाडलीत का?
नाही.
मग गेले कुठे?
आणि पुढचा पेशंट आला म्हणून फोन ठेवला.

शेऱ्याचा रकाना मी कधी भरला नाही.
शेरा मालक मारतो, कारकून नाही.
काल रात्री रजिस्टर उशाखाली सापडेना,
फळीवर होतं, डाळीच्या डब्याला टेकवलेलं.
सव्वीस तारखेपुढे, त्याच रकान्यात,
पेन्सिलीनं, दाबून दाबून लिहिलेली मोठी अक्षरं:
'दळण आणलं. न सांगता.'

कोकिळा चुलीकडे तोंड करून
कळण्याची भाकरी थापत होती,
नेहमीपेक्षा जरा जोरात.
तिनं विचारलं नाही, मी बोललो नाही.

दळण मी सत्तावीसला आणलं होतं.
तारीख दुरुस्त केली नाही.