वॉर्ड नंबर चार, प्रवेश मोफत

बेतीहून फेरीबोट लागली तेव्हा चार वाजले होते.
फाटकावरच्या मुलाने माझा हात मागितला,
मनगटाला पिवळा कागदी पट्टा चिकटवला,
म्हणाला, काका, काढू नका, तीन दिवस चालेल.
असे पट्टे मीही बांधलेत पुष्कळ.
तान्ह्या पोरांच्या पायांना,
आणि इतरांच्याही, ज्यांची नावं
आम्ही जरा मोठ्या अक्षरांत लिहायचो.

जिना तोच. सातवी पायरी अजून कुरकुरते.
इथे स्ट्रेचर तिरकं धरावं लागे,
आलेश पुढे, उलटा चढत,
मी मागे, सगळं वजन माझ्याकडे.

वर भिंतींना इतका पांढरा रंग
की वाटलं, आज कुणी मंत्री येणार तपासणीला.
कोपऱ्यात वाळूचा ढीग होता.
मी समजलो, गवंड्याचं काम राहिलंय.
शेजारी पाटी होती. ढिगाला नाव होतं.
पुढच्या खोलीत जुनं जाळं टांगलेलं,
त्याचे तीन आस फाटलेले,
आमच्या वाड्यावरचं कुणीही तुणून दिलं असतं
एका दुपारच्या चहावर.
डिचोलीच्या शाळेची रांग चालली होती,
मास्तर सारखे सांगत होते,
हात मागे, हात मागे.

मग चार नंबर.
खिडक्यांना काळा कपडा. अंधारात पंधरा लोखंडी खाटा,
नुसत्या खाटा, गादी नाही,
आणि प्रत्येक खाटेखालून
श्वासाचा आवाज.

गळ्यात बिल्ला लावलेली मुलगी हळूच म्हणाली,
हे श्वास आहेत, अंकल. तुम्हाला काय वाटतं?

आत्तापर्यंत तिथे मला कुणी काही विचारलं नव्हतं.
म्हटलं, बाय, श्वास फार सारखे आहेत.
झोपलेला माणूस असा घेत नाही.
रात्री तीनच्या पुढे तर नाहीच.

तिने कुणाला तरी फोन केला.
एक उंच बाई आली, पायात रबरी चपला, नखांत चुना.
काम तिचं होतं.
मला वाटलं, रागावेल.
ती खाटेच्या कडेवर बसली
(तिथे बसू नये अशी पाटी होती)
आणि म्हणाली, मग कसा?

मी डोळे मिटले.
अकरा नंबरवर मयेचा एक बागायतदार होता,
सुपारीवरून पडलेला, बारा दिवस.
तीन छोटे श्वास. मग काही नाही.
काही नाही, इतका वेळ
की सिस्टर इझाल्तीन टेबलावरून मान वर करायची.
मग एक मोठा, आतून ओढलेला,
विहिरीतून भरली कळशी वर यावी तसा.

तेवढं मी करून दाखवलं.
पुन्हा केलं. तिसऱ्यांदा तिने मोबाईल पुढे धरला.
थांबलेल्या जागी, मला शपथ आहे,
डिचोलीची पोरंसुद्धा दारात गप्प उभी राहिली.

बाई रडली नाही, बरं झालं.
नाव विचारलं, पाटीवर घालायला.
म्हटलं, माझं कशाला?
अकरा नंबरचं नाव मला आठवेना.
गावाचं नाव आठवतं, पायाचा डावा अंगठा आठवतो,
त्याच्या पोराने आणलेली पोफळीची छत्री आठवते.
नाव नाही.

खाली आवारात शंभर रुपयांचा चहा होता.
घेतला नाही.
कुणी तरी घुमट वाजवत होतं, पोरं नाचत होती,
नदीत कॅसिनोचे दिवे लागले.
फेरीत उभा राहून विचार करत होतो:
उद्यापासून तो माणूस तिथे श्वास घेणार,
रोज दहा ते आठ,
आणि मी त्याला विचारलंही नाही.
मयेला जाऊन यावं का? कुणाकडे?
पोरगाही आता साठीचा असेल.

जयंतीने दार उघडलं, मनगट बघितलं,
हातातला झारा तसाच राहिला.
कितें जालें? खंय घातलेले तुका?

चारमध्ये, म्हटलं.
सोडलं मला.