कलम सात

मी इतिवृत्त लिहिते. माझं मत कुणी विचारत नाही.
बिश्केक, फेब्रुवारी, तिसरा मजला.
हीटर एकाच बाजूनं तापतो,
म्हणून खालच्या देशाचं शिष्टमंडळ कोटात,
आमचं घामात.

कलम सात : हिमाच्या नोंदींची देवाणघेवाण.
सकाळपासून गाडी एका क्रियापदावर अडलीय.
आम्ही म्हणतो, ‘द्याव्यात’.
ते म्हणतात, ‘दिल्या जातील’.
जिनिव्हाचा पाहुणा सुचवतो,
‘देण्याबाबत प्रयत्नशील राहावे’,
आणि दोन्ही बाजू त्याच्याकडे बघतात,
बिनमिठाच्या रश्शाकडे बघावं तशा.

भिंतीपाशी मेदेरबेक. टाय उसना.
हिमनदीवरच्या ठाण्यात एकोणतीस हिवाळे
बर्फात काठ्या रोवत आलेला माणूस.
त्याला बोलायला नाही बोलावलेलं,
नोंदवही आणायला बोलावलंय.
वही मी चाळली.
ब्याण्णवपर्यंत निळी शाई, सुबक आकडे,
मग सोळा वर्षं नुसत्या चौकटी.
देश मोडला, तेव्हा हेलिकॉप्टर यायचं थांबलं,
पगार थांबला, रॉकेल थांबलं.
अनुदानातून आलेला संगणक
त्या सोळा वर्षांवरून सरळ रेघ ओढतो,
पुलासारखी, खाली नदी नसलेल्या.
“बर्फ पडत होता की,” मेदेरबेक म्हणाला,
“आम्ही नव्हतो.”

साडेअकरा. अध्यक्षांनी चहा जाहीर केला.

समोवारपाशी रांगेत
खालच्या देशाची जलशास्त्रज्ञ झुल्फिझार
त्याच्या मागे उभी, हातात रिकामा कप.
“यंदा वर कसं आहे?”
त्यानं इकडेतिकडे पाहिलं नाही.
हात आडवा धरला, छातीशी, खिशाच्या जरा वर.
“एवढा. तिसऱ्या काठीपाशी.”
ती क्षणभर थांबली.
“तुमची उंची किती?”
“एकशे बासष्ट. बुटांसकट.”
“बूट कोणते?”
“हेच.”

साखरेच्या पुडीवर तिनं वजाबाकी केली.
घनता विचारली.
त्यानं मूठ आवळली, मग उघडली :
गोळा होत नाही, भुसभुशीत.
तिनं ओठ हलवत गुणाकार केला
आणि तिच्या चेहऱ्यावर जुलै आला,
कालव्याच्या शेवटच्या टोकाचा.

साखर त्यानं स्वतःच्या चहात ओतून घेतली.
कागद तिनं चष्म्याच्या घरात ठेवला.

मग सगळे पुन्हा आत.
दुपारी ‘द्याव्यात’च्या आधी ‘शक्यतो’ घालायचं ठरलं,
तेही पुढच्या बैठकीत बघायचं ठरलं.
पाण्याचे वाटे, पाण्याच्या वाटा
परिशिष्टात गेल्या.

मी लिहिलं :
अकरा तीस ते अकरा पंचेचाळीस, चहा.
पेन जरा वेळ तिथंच टेकून राहिलं,
तिथं शाईचा एक ठिपका पडलाय.
अध्यक्षांनी न वाचता
त्याच्या खाली सही केली.