मोकळी उंची

वाडी नाक्यामागे, ट्रकांच्या रांगेआड,
मे महिन्याचा पंखा गरम हवाच ढवळतो.
बाकड्यावर बारा स्प्रिंगा,
रॉकेलने धुतलेल्या, आपापल्या नंबरावर.

उईके मिस्त्री म्हणायचे,
पोरी, चकाकीवर जाऊ नको.
थकलेली स्प्रिंग तुटत नाही,
आखूड होते.
व्हर्नियर लाव.

काल हिंगण्याचा एक पोरगा आला.
"सगळ्यात कडक द्या ताई, भाव नाही विचारत."
मी विचारलं, कॅम कोणता? लिफ्ट किती?
बसवल्यावर उंची किती उरते?
तो मोबाइलकडे बघू लागला.

कडक म्हणजे चांगली, असं नसते बाप्पा.
मऊ पडली तर व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही,
तरंगतो,
आणि पिस्टन गाठतो त्याला.
फाजील कडक असली तर कॅमचं नाक खाते,
रोज थोडं थोडं, आवाज न करता.
पुरती दाबली तरी
वेटोळ्यांत मिलिमीटरभर जागा राहू दे.
वेटोळ्याला वेटोळं टेकलं
की ती स्प्रिंग नाही, लोखंड.

त्याने मधली नेली. तोंड पाडून.
"दाट वेटोळी हेडकडे!" मी मागून ओरडले.

संध्याकाळी मिस्त्री आले चहाला.
अर्ध्या शटरला त्यांचं कपाळ लागायचं,
दर वेळी शिवी हासडायचे.
आज सरळ आत आले,
न वाकता.

मी बारावी स्प्रिंग गुण्याला लावली,
फटीतून येणारा उजेड बघत बसले,
बराच वेळ.