चोथा

रस पंधरा मिनिटांत संपतो.
चोथा दिवसभर पुरतो.

कुंदाचा जबडा महूनाक्याला फुटला.
स्कूटर हळू होती, समोरची ई-रिक्षा त्याहून हळू.
डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे तारा.
सगळं पातळ, सगळं गाळून,
तारेत एक कण अडकता कामा नये.

म्हणून जेल रोडवरून ज्यूसर आणला.
शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा ओरडतो.
पुढून लाल धार, तिच्या पेल्यात.
मागच्या डब्यात कोमट, भुसभुशीत ढीग,
चोइथराम मंडीतली माझी घासाघीस
अशी पिळून, रंग उडून बसलेली.

पहिल्या दिवशी तो घेऊन मी खाली निघालो.
लोकमान्य नगरात गाडी सव्वासातला गात येते,
गीला इकडे, सूखा तिकडे.
या शहरात चुकीच्या डब्यात हात गेला
तर लोक असे बघतात
जणू कुणाच्या खिशातच गेला.

मागून पाटीवर खडू वाजला.
(दातांतून बोलता येतं तिला,
पण तो आवाज कुणा भलत्याच बाईचा वाटतो म्हणते,
म्हणजे लिहिते. पाटी नातवाची.)
"टाकू नका."
मग पदराने पुसून,
"गाजरं फुकट आली का?"

चौतीस वर्षं मी वीज मंडळात मीटर तपासले.
गॅसशी ओळख चहापुरती.
आता रोज सकाळी धडा.
"बेसन आधी कोरडं भाजा."
"ज्वारी दोन मुठी. तुमच्या नाही, माझ्या."
मी तिची मूठ हातात घेऊन बघितली.
माझ्या मुठीची पाऊण भरली, थोडी कमीच.
बेचाळीस वर्षांत हे माप घ्यायचं राहिलं होतं.
"ओवा."
"दुसऱ्या फळीवर. निळं झाकण."
"ते निळं नाही."

पहिलं थालीपीठ तव्याला असं चिकटलं
की उलथन्याने निघाले ते जिल्हे.
वर जीरावन भुरभुरवून खाल्लं,
इंदुरात जीरावन घातलं की पुष्कळ चुका खपतात.
मग जमू लागलं.
बिटाचे कटलेट, पालकाची धिरडी,
सफरचंदाच्या चोथ्याचा शिरा, वेलची जरा जास्त.
समोरच्या बोथराभाभींना कंद चालत नाही,
त्यांच्याकडे दुधीच्या चोथ्याचे मुठिये पाठवले.
वाटी परत आली ती शेव भरून.
गाडीवरची संतोषी काळजीने विचारते,
अंकल, आज भी गीला नहीं?
खाना-वाना बनता है ना घर में?

संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसतो.
एकाच गाजराचे दोघे वाटेकरी,
तिच्याकडे गोडी आणि रंग, स्ट्रॉमधून हळू चढणारा,
माझ्याकडे दोरे.
मी चावतो तेव्हा ती माझ्या जबड्याकडे बघत राहते,
खिडकीतून दुसऱ्यांची वरात बघावी तशी.
मी मग तोंड मिटून, आवाज न करता चावतो.
तिने ते ओळखलं.
"वाजू द्या," लिहिलं.

एकदा मी म्हणालो,
रिटायर माणूस म्हणजे तरी काय, कुंदा,
रस मंडळाने नेला, हा चोथा तुला.
वाटलं, डोळे भरतील तिचे, निदान हात तरी धरेल.
तिने पाटी पुढे सरकवली.
"पाणी कमी घाला. पसरतंय."

तारा निघाल्या त्या दिवशी मंगळवार होता.
मी गाजराचं थालीपीठ केलं, मऊ,
मधोमध भोक पाडून, भोकात तूप.
तिने नखाएवढा तुकडा तोडला,
जिभेवर ठेवला, डोळे मिटले,
आणि खूप वेळ काही झालं नाही.
मग डावीकडे एक बारीक हालचाल.
मग पुन्हा.
त्यानंतर ती बोलली, तिच्याच आवाजात.
काय बोलली यावर अजून भांडण आहे.
मी म्हणतो, "मीठ."
ती म्हणते, "छे, तुमचं नाव घेतलं मी."

ज्यूसर आता माळ्यावर आहे.
पाटी नातवाने परत नेली,
कोपऱ्यात "निळं नाही" तसंच आहे, पुसू देत नाही म्हणे.